डब्बा टीव्ही: दुरुस्त करावा की मोडीत घालावा?

दसऱ्याच्या आधी आठवडाभर वर्तमानपत्र हाती घ्यावे, तर पहिल्या पानावर बातमी शोधावी लागते. पानभर एक भला थोरला टीव्ही, त्याच्यापुढे हसरे चौकोनी कुटुंब आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते: जुना द्या, नवा घ्या. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर या जाहिरातींना आणखीच जोर चढला. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. ज्याला हौस आहे आणि खिशाला परवडते त्याने खुशाल नवा संच घ्यावा. दिवाळी वर्षातून एकदाच येते. पण ‘जुना द्या’ हे दोन शब्द इतक्या सहज लिहिलेले असतात की जुन्याला झाले आहे तरी काय, हे विचारायचेच राहून जाते. पडद्यावर चित्र दिसेनासे झाले की संच ‘गेला’ असे आपण म्हणतो. माणूस शिंकला तर तो गेला असे काही आपण म्हणत नाही.

मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि पुढल्याच वर्षी ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्या वेळचे लाकडी पेटीतले, सरकत्या दारांचे संच ज्यांच्या घरी होते त्यांना आठवत असेल की, संच बिघडला तर दुरुस्त करावा की नाही हा प्रश्नच उद्भवत नसे. तो घ्यायला पगारावर पगार साठवलेले असत. दुरुस्तीवाला बॅग घेऊन घरच्या डॉक्टरसारखा येई, आणि त्याच्यासाठी चहा टाकला जाई. पुढे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले, मग संच स्वस्त होत गेले, आणि आता अशी वेळ आली आहे की दुरुस्तीचा आकडा ऐकण्याआधीच घरातले कुणी तरी म्हणते, “त्यापेक्षा नवाच घेऊ.” कशापेक्षा, ते कुणालाच ठाऊक नसते.

यंदा हा वाद आमच्या घराण्यात झाला तो कुसगावच्या आत्यावरून.

आत्या ऐंशीला टेकलेली. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगाव बुद्रुकमध्ये दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. एका अंगाला द्रुतगती मार्गाची घरघर, दुसऱ्या अंगाला महाविद्यालयाच्या पोरांची वर्दळ, आणि चार महिने पाऊस. मावळातल्या या घाटमाथ्यावरच्या पावसाची कल्पना पुण्यात बसून यायची नाही. ढग खिडकीतून घरात येतात, वाळत घातलेले पातळ तिसऱ्या दिवशीही ओलसरच लागते, आणि डब्यातले पापड नुसते वाकतात. याच पावसाचे पाणी जवळच्या वळवणच्या धरणात साठते. ते घाटाखाली खोपोलीला नेऊन १९१५ साली टाटांनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. आत्या म्हणते, “पाणी आमचं, वीज मुंबईची, आणि दिवा मिचमिचतो तो मात्र माझा!”

तर या आत्याचा टीव्ही २००४ साली घेतलेला, २१ इंची, पाठीमागे पोट असलेला. हल्लीची मुले ज्याला डब्बा टीव्ही म्हणतात तो. तिच्या यजमानांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. श्रावणातल्या एका संध्याकाळी सह्याद्री वाहिनीच्या बातम्या चालू असताना तिचा मला फोन आला.

“अगं, टीव्हीचा पडदा मिटला. मधोमध एक पांढरी रेघ राहिलीय नुसती. आवाज मात्र छान येतोय.”

मी तिला आधी बटण बंद करायला सांगितले, आणि त्याचे कारण वाचकांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे. या जुन्या संचाच्या पिक्चर ट्यूबमध्ये विजेच्या कणांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळून प्रकाश पाडतो. हा झोत डावीकडून उजवीकडे ओळी मारीत जातो आणि त्याच वेळी वरून खाली सरकत असतो. एका चित्राला ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५ हजारांवर ओळी. आडव्या ओढीचे काम संचातला एक भाग करतो आणि उभ्या ओढीचे दुसरा. दुसरा थांबला की सगळ्या ओळी एकाच ओळीवर येऊन पडतात. चित्र गेलेले नसते. ते घडी घालून ठेवल्यासारखे त्या रेघेत असते. पण सगळा झोत एकाच जागी पडत असल्याने संच तसाच चालू ठेवला तर तेथला लेप जळून पडद्यावर कायमचा डाग राहतो. म्हणून बटण बंद.

एवढ्यावरून एक गोष्ट उघड होती. आवाज चांगला होता, रेघ झगझगीत होती. म्हणजे वीजपुरवठा ठीक, ट्यूब जिवंत, आणि सर्वांत महागडा जो उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर तोही शाबूत. बिघाड होता तो उभी ओढ सांभाळणाऱ्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यातली कुठलीच वस्तू महाग नसते.

पण हे सांगणार कुणाला? आतेभाऊ बंगळूरला. त्याने रात्रीच फोन करून निकाल दिला: “काढून टाक तो डब्बा. मी ४३ इंची पाठवतो, पुढच्या आठवड्यात भिंतीवर लागेल.” त्याचा हेतू उत्तम होता, आणि त्याचे मुद्दे अगदीच टाकाऊ नव्हते. जुना संच वीज खातो, त्याचे भाग मिळत नाहीत, आणि एकट्या म्हातारीच्या घरात असली वीस वर्षांची पेटी धोक्याची.

विजेचा हिशेब मी त्याच्यापुढे मांडला. तिचा संच फार तर ८०-९० वॉटचा; ३२ इंची नवा ४०-५० वॉटचा. रोज चार तास धरले तरी ४० वॉटच्या फरकाने महिन्याला पाचेक युनिटे वाचतात. तेवढ्यासाठी दहा-बारा हजारांचा संच घेणे म्हणजे तेलाचे दोन थेंब वाचवायला नवी कढई आणण्यापैकी झाले. भागांचा मुद्दा मात्र खरा होता. पिक्चर ट्यूबचे संच देशात बनायचे थांबले त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि काही भाग मोडीतल्या संचातून काढूनच मिळतात. म्हणून कुठला भाग गेला आहे हे आधी कळायला हवे.

या सगळ्या वादात आत्याला कुणी विचारलेच नव्हते. मी विचारले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मोठा नको असं नाही गं. पण तो मला लावता आला पाहिजे. गेल्या दिवाळीत तुमच्याकडे होते ना, तेव्हा दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. दोन रिमोट, त्यात ती चित्रं येणार, त्यांतलं कुठलं दाबायचं ते सांगणार कोण? कुणी घरात नसलं की मी गॅलरीत जाऊन बसायची. तुम्हांला वाटायचं, आत्याला बाहेर बसायला आवडतं.”

यावर मी काय बोलणार? तिच्या घरी टीव्हीच्या रिमोटला हातच लावावा लागत नाही. संचाचे बटण समोर आहे, आणि छत्रीच्या डब्याच्या रिमोटवरील दोन बटणांवर लाल रंगाचे ठिपके दिले आहेत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले तेव्हा पट्टी असतानाही ती अंदाजाने बातम्या लावून ऐकत असे. दहा-बारा हजार आणि सातशे रुपये यांची तुलना आपण करीत होतो. तिची तुलना वेगळीच होती. स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने संध्याकाळ लावता येणे एकीकडे, आणि शेजारच्या मुलाची वाट पाहणे दुसरीकडे.

पुढल्या रविवारी मी पुण्याहून लोकलने लोणावळ्याला गेले. बाजारात एक दुरुस्तीवाले आहेत. त्यांच्या दुकानात हल्ली मिक्सर, पंखे आणि मोबाइलच जास्त. टीव्ही उघडायला सांगणारे गिऱ्हाईक आले की त्यांचा चेहरा जरा उजळतो. ते घरी यायला कबूल झाले. मी आधी तीन गोष्टी ठरवून घेतल्या, आणि त्या प्रत्येकाने ठरवून घ्याव्यात असे मला वाटते. नुसते तपासण्याचे किती, ते वेगळे सांगावे. त्यांनी २०० सांगितले. काढलेला जुना भाग आमच्या हाती द्यावा. आणि १५०० च्या वर खर्च जाणार असेल तर हात थांबवून आधी विचारावे. हा शेवटचा आकडा आत्याने स्वतः ठरवला. तिचे निवृत्तिवेतन, तिचा टीव्ही. दुरुस्तीवाल्यांना यातले काहीच गैर वाटले नाही. ज्याला गैर वाटते त्याच्याकडे संच देऊ नये.

पाठीमागचे झाकण काढण्याआधी त्यांनी आम्हां दोघींना मागे सरायला सांगितले. “आजी, हिला कधी हात लावायचा नाही हां. प्लग काढलेला असला तरी आत दाब धरून बसलेली असते.” रंगीत संचाच्या ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा दाब लागतो, आणि संच बंद केल्यावरही काचेत तो बराच काळ साठून राहतो. त्यांनी एका लांब पेचकसाला तार बांधली, तिचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरील जमिनीच्या तारेला जोडले, आणि रबरी टोपीखाली टोक सरकवले. चट् असा आवाज झाला. यूट्यूबवर बघून घरच्या घरी झाकण उघडणाऱ्या हौशी पुरुषमंडळींना तो आवाज ऐकवायला हवा होता.

आत वीस वर्षांची धूळ, कोळ्याची जाळी, आणि तांब्याच्या पट्ट्यांवर दमट हवेने चढलेली हिरवट झाक. त्यांनी बोर्ड उलटा करून भिंग धरले आणि मला दाखवले. उभी ओढ सांभाळणारी जी आय.सी. असते ती चांगलीच तापते. तापायचे, निवायचे, पुन्हा तापायचे असे हजारो वेळा झाले की तिच्या पायांभोवतीच्या डाखाला केसासारखी गोल चीर पडते. वरून सगळे जागच्या जागी दिसते, पण जोड सुटलेला असतो. दोन पायांभोवती अशा चिरा होत्या. त्यांनी जुना डाख काढून नवा दिला, शेजारचा एक सुकलेला कपॅसिटर बदलला, ब्रशने धूळ झाडली. संच लावला तर पडदा उघडला. पण वरच्या बाजूला चार बोटे चित्र दुमडलेलेच राहिले.

“आय.सी.पण थकलीय,” ते म्हणाले. “इथं मिळायची नाही. तुम्ही पुण्याच्या ना? बुधवार पेठेत मिळेल.” त्यांनी तिचा नंबर कागदावर लिहून दिला. मंगळवारी मी तापकीर गल्लीत गेले. तिसऱ्या दुकानात ती मिळाली, किंमत ६० रुपये. दुकानदाराने नंबर वाचून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “अजून चालतोय?” पुढल्या रविवारी ती बसवली, चित्र काठोकाठ आले. सगळा मिळून खर्च ७५० रुपये. लोकलचे तिकीट आणि मी नेलेली बाकरवडी धरलेली नाही.

मला त्या दुरुस्तीवाल्यांचे कौतुक वाटले ते मात्र त्यांनी नंतर जे सांगितले त्याबद्दल. संच लावल्यावर रंग पूर्ण चढायला दोन-तीन मिनिटे लागत होती. ते म्हणाले, “ट्यूब कमजोर होत चाललीय. ती गेली की माझ्याकडे येऊ नका, पैसे घालवू नका. तसंच मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर या मॉडेलचा नवा मिळणं कठीण.” कामाच्या दिवशीच आपल्या कामाची मर्यादा सांगणारा कारागीर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा. आत्याने तो पत्रिकांच्या खोक्यात नव्हे, दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला.

हे झाले डब्ब्याचे. बहुतेक घरांत आता चपटे संच आहेत आणि त्यांतलेही पुष्कळ आठ-दहा वर्षांचे झाले. त्यांचा बिघाड निराळा, पण आधी ओळख करून घेण्याची रीत तीच. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक ४३ इंची संच एके दिवशी काळा पडला. आवाज नीट येत होता. कंपनीच्या वतीने आलेल्या माणसाने पाच मिनिटांत ‘पॅनल गेले’ असे सांगून जो आकडा लिहून दिला तो नव्या संचाच्या जवळपासचा होता. मंडळी विनिमय योजनेची चौकशी करू लागली. मी रात्री दिवे मालवून चालू संचाच्या पडद्यावर जवळून विजेरी धरायला सांगितले. विजेरीच्या उजेडात बातम्या देणारी बाई अंधुक अंधुक दिसू लागली! म्हणजे पडदा चित्र काढीत होता. त्याच्या पाठीमागच्या दिव्यांच्या पट्ट्या तेवढ्या विझल्या होत्या. एका साखळीत जोडलेल्या त्या बारीक दिव्यांपैकी एक गेला तरी सगळी रांग अंधारात जाऊ शकते. पट्ट्या बदलून २८०० रुपयांत काम झाले. आणि पडद्याचा उजेड मध्यम ठेवला तर त्या जास्त दिवस टिकतात, कारण तेज वाढवले की त्या अधिक तापतात.

उलट, पडद्यालाच तडा गेला असेल, मग तो चिरंजीवांच्या चेंडूने असो की फरशी पुसताना काठी लागून असो, तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. चपट्या संचाची बहुतेक किंमत त्या पडद्यातच असते.

आणखी एक गोष्ट. अजूनही माळ्यावरचा जुना संच काढून गच्चीवरच्या अँटेनावर लावू पाहणारी मंडळी भेटतात. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची जमिनीवरून होणारी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद होत २०२२ पर्यंत जवळजवळ संपली. तेव्हा संच उत्तम असला तरी नुसत्या अँटेनावर मुंग्याच दिसतील. छत्री आणि डबा लागणार. मात्र डब्याला पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांची भोके आहेत ना, हे घेताना पाहावे. जुन्या संचाला तीच चालतात. दूरदर्शनची फ्री डिश ही मोफत सेवा २००४ पासून आहे. तिला महिन्याचे भाडे नाही, आणि आत्याचे सगळे काम तिच्यावर भागते.

दमट गावी राहणाऱ्यांनी संच भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी लावावा. आतल्या उष्णतेने दमटपणा जातो. पाठीमागून सूं सूं किंवा चटचट आवाज येऊ लागला तर बंद करून दाखवून घ्यावा. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की भिंतीतला प्लग आणि छत्रीची तार, दोन्ही काढावीत. एकच काढून उपयोग नाही. आत्या हे सगळे करते. वर संचावर भरतकामाचे झाकण घालीत असे, ते मात्र दुरुस्तीवाल्यांनी हवेसाठी काढायला लावले.

आतेभाऊ गणपतीला आला तेव्हा त्याने दहा मिनिटे टीव्हीपुढे उभे राहून पाहिले आणि “रंग जरा फिके आहेत,” एवढेच म्हणाला. पण मग स्वतःच चौकशीला लागला, की ३२ इंची, साधा, इंटरनेट न लागणारा, लावला की थेट बातम्याच येतील असा संच कुठे मिळतो का. ट्यूब जाईल त्या दिवसाची तजवीज म्हणून. जुना संच त्या दिवशी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला द्यायचा नाही, हेही त्याने कबूल केले. या ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि आतले तांबे काढायला ती फोडली की ते मातीत आणि पाण्यात जाते. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रावर तो स्वतः गाडीतून नेणार आहे.

आत्याने अट घातली आहे. नवा संच आला की जुन्याच्या शेजारी ठेवायचा. आठ दिवस ती तो रोज आपल्या हाताने लावणार, कुणी घरात नसताना. जमले तर जुना उचलायचा.

“आणि नाही जमलं तर?” आतेभावाने विचारले.

“तर तू आपला तो घेऊन जा बंगळूरला,” आत्या म्हणाली, आणि लाल ठिपक्याचे बटण दाबून तिने बातम्या लावल्या.